राउटर विकत घेण्याआधी एक कागद घ्या

(या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जरा कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



आधीच सांगून टाकतो, मी नेटवर्कचा माणूस नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, कोड लिहितो. आमच्या ऑफिसात नेटवर्कची वेगळी टीम आहे आणि त्यांच्या सर्व्हर रूमची चावी मला आजवर कुणी दिलेली नाही. पण गावाकडं हा फरक कुणाला पटत नाही. माझं गाव निरवांगी, इंदापूर तालुका, नीरा नदीच्या काठचं. तिथं बी.टेक. झालेला पोरगा म्हणजे कॉम्प्युटरचं शिकलेला. आणि कॉम्प्युटरचं शिकलेला म्हणजे वायफाय, प्रिंटर, सीसीटीव्ही, मोबाईलचं हँग होणं, सगळं त्याच्याच गळ्यात.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं हेच असेल. वडिलांचं दुकान, मामाचं मेडिकल, मित्राची पतसंस्था, कुणाचं मंगल कार्यालय. कधीतरी फोन येतोच, “आरं, चांगला राउटर कंचा घिऊ?”

आजचा भाग त्या प्रश्नावर आहे. आणि मी स्वतः त्याचं उत्तर एकदा चुकीचं दिलंय, तिथूनच सुरुवात करतो.

सकाळी साडेसहाची भानगड

आमच्या नात्यातल्या एका काकांचं दूध संकलन केंद्र आहे. दोन काउंटर. एकावर गाईचं दूध, दुसऱ्यावर म्हशीचं. माणूस किटली घेऊन येतो, दूध काट्यावर जातं, नमुना मशीनमध्ये जातो, फॅट आणि एसएनएफ येतं, त्यावरून दर निघतो आणि पावती छापून हातात पडते. सगळ्या नोंदी पहिल्या काउंटरच्या कॉम्प्युटरवर. दुसरा काउंटर वायरीतून त्याच कॉम्प्युटरला जोडलेला. शेजारी पशुखाद्याचं दुकान, आठ कॅमेरे, त्यांचा डीव्हीआर आणि एक वायफाय. वायफायचा पासवर्ड भिंतीवर खडूनं लिहिलेला.

अडचण अशी होती की सकाळी ऐन गर्दीत दुसरा काउंटर बंद पडायचा. ‘सर्व्हर सापडत नाही’ असं यायचं. रोज नाही हां. आठवड्यातून दोन-तीनदा. दुपारी बघावं तर सगळं चालू. पाच मिनिटांत आपोआप सुरू व्हायचं, कधी अर्धा तास लागायचा.

आता ऐकायला ही किरकोळ गोष्ट वाटेल. पण तिथं रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा विचार करा. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून दर असतो. पॉइंट खाली गेला की पैसे कापले जातात. सिस्टीम बंद पडली की काकांचा मुलगा वहीत हातानं लिहून घ्यायचा आणि दुपारी ते कॉम्प्युटरमध्ये भरायचा. घाईत लिहिलेले ७ आणि १ सारखेच दिसतात. एका मावशींचं फॅट ३.७ होतं, ते ३.१ असं भरलं गेलं. एकदा नाही, एकाच महिन्यात दोनदा. दहा दिवसांनी दुधाचा पगार आला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्यांच्याकडं दोनच गाई, त्यांना प्रत्येक पावती पाठ. भांडण झालं, आणि पुढच्या दिवसापासून त्या दुसऱ्या डेअरीला दूध घालायला लागल्या.

काका मला म्हणाले, “दूध नासलं तर येका दिसाचं नुकसान. पर माणूस काट्यावर संशय घ्यायला लागला की संपलं.”

मी सुट्टीला आलो होतो. बघितलं, वायफायचा राउटर जुना, दोन अँटेनांचा, धुळीनं भरलेला. मी छातीठोकपणे सांगितलं, हा बदला. ऑनलाईन शोधून सहा अँटेनांचा, नऊ हजारांचा राउटर मागवला. डब्यावर गेमिंग असं लिहिलेलं. जुन्या राउटरमधले सगळे आकडे बघून नव्यात जसेच्या तसे टाकले, म्हणजे कुणाचं काही अडायला नको. चार दिवस छान गेले. पाचव्या दिवशी सकाळी साडेसहाला काकांचा फोन.

वायर हातात, तरी उत्तर येतंय

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला जाऊन बसलो. साडेसहाला दुसरा काउंटर बंद पडला. पहिल्या कॉम्प्युटरचा पत्ता १९२.१६८.१.१० होता. मी त्या कॉम्प्युटरची नेटवर्कची वायर काढून हातात धरली आणि दुसऱ्या काउंटरवरून १० नंबरला पिंग केलं. पिंग म्हणजे त्या पत्त्यावर ‘आहेस का?’ म्हणून हाक मारणं.

उत्तर आलं.

ज्या मशीनची वायर माझ्या हातात आहे, त्या मशीनच्या पत्त्यावरून उत्तर येतंय! मग तिथं दुसरं कोण बसलंय? राउटरच्या पानावर जाऊन यादी बघितली, तर १० नंबरवर एक मोबाईल. दूध घालायला आलेल्या एका पोराचा.

झालं होतं असं. सॉफ्टवेअर बसवणाऱ्या माणसानं पहिल्या कॉम्प्युटरला १० नंबर हातानं कायमचा देऊन ठेवला होता. बरोबरच केलं होतं, सर्व्हरचा पत्ता बदलून चालत नाही. पण राउटरला हे कुणी सांगितलंच नाही. राउटर २ पासून २५४ पर्यंतचे सगळे नंबर आलेल्या-गेलेल्याला वाटत बसला होता. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. रात्री कॉम्प्युटर बंद. पहाटे रांगेतले मोबाईल आधी वायफायला जोडले जायचे आणि त्यातल्या एखाद्याला १० नंबर मिळायचा. नंतर कॉम्प्युटर सुरू व्हायचा आणि तोही म्हणायचा, मी १०. एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं. दुसऱ्या काउंटरचं पत्र कधी ह्याला, कधी त्याला. ते पोरगं मोबाईल घेऊन घरी गेलं की सगळं आपोआप सुरळीत!

विंडोज कोपऱ्यात रोज सूचना दाखवत होतं की हा पत्ता दुसरं कुणीतरी वापरतंय. काकांचा मुलगा इमानदारीनं ती क्रॉस करत होता.

आणि मी काय केलं होतं? जुन्या राउटरचे आकडे नव्यात भरताना चूकसुद्धा जशीच्या तशी नव्यात नेली होती. नऊ हजार रुपये देऊन.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली, खर्च शून्य. राउटरला सांगितलं, तू फक्त १०० ते २०० वाट. १ ते ९९ आमच्या कायमच्या मशीनसाठी राखीव. बस. त्यानंतर ती अडचण पुन्हा आली नाही.

पण खरा प्रश्न वेगळाच होता

पत्ता सुटला, पण मला नंतर झोप लागेना. दूध घालायला आलेल्या पोराचा मोबाईल आणि गावाचा हिशोब असलेला कॉम्प्युटर एकाच नेटवर्कवर का होते? आज मोबाईलनं चुकून पत्ता घेतला. उद्या कुणाच्या मोबाईलमध्ये, नाहीतर दुकानातल्या लॅपटॉपमध्ये व्हायरस असला तर?

याचं मोठं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. २७ जून २०१७. नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. मर्स्क ही जहाजवाहतुकीतली जगातली बलाढ्य कंपनी त्यात सापडली. तिच्या समूहाचं एक टर्मिनल आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरात आहे. आपल्या भागातली द्राक्षं, डाळिंबं परदेशी जातात ते हेच बंदर. त्या टर्मिनलची सिस्टीम बंद पडली आणि काम हातानं करायची वेळ आली. काकांच्या वहीसारखंच, फक्त किटल्यांच्या जागी कंटेनर.

हा व्हायरस एका मशीनवर शिरला की तिथले पासवर्ड उचलायचा आणि त्याच नेटवर्कमधल्या पुढच्या मशीनवर स्वतःहून जायचा. मध्ये भिंत नसेल तर त्याला कोण अडवणार? मर्स्कच्या अध्यक्षांनी नंतर सांगितलं की त्यांना दहा दिवसांत ४५,००० कॉम्प्युटर आणि ४,००० सर्व्हर नव्यानं उभे करावे लागले. सगळ्यांच्या लॉगिनची माहिती ज्या सर्व्हरवर होती, त्याच्या सगळ्या प्रती पुसल्या गेल्या होत्या. एकच वाचली, आफ्रिकेतल्या घानामध्ये. का? तर हल्ल्याच्या वेळी तिथली लाईट गेली होती!

आपल्याकडं लाईट रोज जाते, पण त्या भरवशावर धंदा करता येत नाही.

तर मग कागद घ्या

आता मूळ प्रश्न, कोणता राउटर घेऊ? माझं आजचं उत्तर असं आहे की आधी वहीचं एक पान घ्या. त्यावर जागेतली प्रत्येक वस्तू लिहा जिला नेटवर्क लागतं. आणि प्रत्येकीपुढं दोन गोष्टी लिहा. हिला कुणाशी बोलावं लागतं? आणि हिनं कुणाशी बोलता कामा नये?

काकांच्या केंद्राचं पान असं झालं. पहिला गट हिशोबाचा: दोन काउंटर, प्रिंटर, दुकानाचं बिलिंग. दुसरा गट कॅमेऱ्यांचा: आठ कॅमेरे आणि रेकॉर्डर. तिसरा गट पाहुण्यांचा: येणाऱ्या-जाणाऱ्यांचे मोबाईल. पाहुण्यांना फक्त इंटरनेट. कॅमेऱ्यांनी हिशोबाकडं बघायचं नाही. हिशोबानं मोबाईलला ओळखायचं नाही.

आणि खाली एक ओळ लिहिली: इंटरनेट गेलं तरी पावती निघालीच पाहिजे. ही ओळ फार कामाची. तुमच्या धंद्यात काय बंद पडलं तर रांग थांबते, ते एकदा लिहून काढा. सामानावरचा पैसा तिथं आधी लावायचा.

या पानावरून सामान आपोआप ठरतं. बघा.

*स्विच.* एकाच स्विचवर तीन वेगळी नेटवर्कं करायची सोय म्हणजे व्हीलॅन. साध्या स्विचला ते जमत नाही, त्यासाठी ‘स्मार्ट’ किंवा ‘मॅनेज्ड’ स्विच लागतो. किंमत साध्यापेक्षा जास्त, पण माझे ते नऊ हजार आठवा. याच स्विचमध्ये लूप अडवायची सोयही बघून घ्या. दिवाळीची साफसफाई करताना कुणीतरी लोंबकळणाऱ्या वायरीची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचतं आणि अख्खं नेटवर्क बसतं. लूप ओळखणारा स्विच ते पोर्ट बंद करून टाकतो.

*कॅमेऱ्यांची वीज.* वायरीतूनच वीज देणारा स्विच म्हणजे पीओई. इथं दुकानदार पोर्ट मोजून देतो, तुम्ही वॅट मोजा. समजा एक कॅमेरा रात्री इन्फ्रारेड लाईट लागल्यावर ७ वॅट घेतो. आठ कॅमेरे म्हणजे ५६ वॅट. स्विचची एकूण क्षमता ६० असेल तर काठावर आहे, उद्या नववा कॅमेरा लावला की रात्री एकेक बंद पडायला लागतील. दिवसा सगळे चालू असतात, म्हणून कारण पटकन सापडत नाही.

*राउटर.* अँटेना मोजू नका. तीन गोष्टी विचारा. व्हीलॅन येतं का? दोन इंटरनेट लाइनी जोडता येतात का, म्हणजे फायबर तुटली की सिमवर जाता येईल? आणि कंपनी अपडेट किती वर्षं देते? राउटर कोपऱ्यातच असू दे, वायफायसाठी वेगळा ॲक्सेस पॉइंट छताला मध्यभागी लावा. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. शेजाऱ्याचा ६ वर असेल तर तुम्ही १ किंवा ११ घ्या.

*केबल.* इथं सगळ्यात जास्त फसवणूक होते. स्वस्त केबलमध्ये आत ॲल्युमिनियम असतं आणि वर तांब्याचा मुलामा. कॅमेऱ्याला वीज न्यायची तर शुद्ध तांब्याचीच घ्या. सुरी घेऊन तार खरवडून बघा, आत पांढरी दिसली की परत करा. आणि एका सलग तुकड्याची मर्यादा १०० मीटर.

*दोन इमारतींच्या मध्ये.* हा माझा दुसरा धडा. बल्क कूलरची शेड केंद्रापासून थोडी लांब. मी तांब्याची केबल वरून लटकवत नेली. वळवाच्या पहिल्याच पावसात जवळ कुठंतरी वीज पडली, आणि स्विच, रेकॉर्डर, एका काउंटरचं पोर्ट, सगळं एका झटक्यात गेलं. आता तिथं फायबर आहे, दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर. काचेतून वीज जात नाही. फक्त लक्षात ठेवा, बाहेरून नेण्याच्या फायबरला आधारासाठी पोलादी तार असते. ती भिंतीबाहेरच बांधून तोडायची, आत आणायची नाही. आणि अर्थिंग नीट करून घ्या. राउटर आणि स्विचला छोटा यूपीएस द्या.

सेटिंग, पाच गोष्टी

सामान आलं, आता सेटिंग. पटापट सांगतो, पण एकही सोडू नका.

एक. पहिल्या दिवशी प्रत्येक वस्तूचा मूळ पासवर्ड बदला. राउटर, स्विच, रेकॉर्डर, कॅमेरे, सगळे. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसनं जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कंपनीनं दिलेल्या साठ-बासष्ट नावं-पासवर्डांच्या जोड्या वापरून. काही मोठं डोकं लावलं नव्हतं. आपणच कुलूप लावलं नव्हतं.

दोन. व्हीलॅन केले म्हणजे भिंत झाली असं समजू नका. बरेच राउटर व्हीलॅनच्या आपापसातल्या वाटा मोकळ्याच ठेवतात. फायरवॉलमध्ये वेगळा नियम लिहावा लागतो, पाहुण्यांकडून हिशोबाकडं बंद, कॅमेऱ्यांकडून हिशोबाकडं बंद. लिहिल्यावर स्वतः पाहुण्यांच्या वायफायवरून काउंटरला पिंग करून बघा. उत्तर आलं तर काम अर्धवट आहे.

तीन. बाहेरून राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायची सोय बंद ठेवा. मोबाईलवर कॅमेरे दिसावेत म्हणून पोर्ट उघडून ठेवू नका, त्यासाठी व्हीपीएन वापरा. आणि अपडेट टाका. २०१८ साली एप्रिलमध्ये मायक्रोटिकच्या राउटरमधली एक फट कंपनीनं बुजवली, अपडेटही दिलं. तरी त्यानंतर काही महिन्यांत जगभरातले लाखो राउटर चोरून आभासी चलन काढायला जुंपले गेले. कारण अपडेट कुणी टाकलंच नव्हतं.

चार. पत्त्यांची वाटणी कागदावर. कायमची मशीन कुठले नंबर, वाटपाचे नंबर कुठले. ही चूक मी केली, तुम्ही करू नका.

पाच. दोन प्रती. एक राउटर-स्विचच्या सेटिंगची फाईल, म्हणजे डबा जळाला तर नव्यात अर्ध्या तासात भरता येईल. दुसरी हिशोबाची, रोज संध्याकाळी पेन ड्राईव्हवर, आणि पेन ड्राईव्ह काढून कपाटात. लावून ठेवलेला पेन ड्राईव्ह व्हायरसलाही दिसतो. घानाची लाईट आपल्यासाठी जाणार नाही.

आणि इतकं करूनही पैशाचा काही ऑनलाईन घोटाळा झालाच, तर लगेच १९३० ला फोन. तो नंबरही त्या पानावर लिहून ठेवा.

शेवटचं

तुम्ही पुण्या-मुंबईत असाल, फोनवरून भावाला, काकाला सल्ला देत असाल, तर एक विनंती आहे. लिंक पाठवायच्या आधी त्यांना ते पान लिहायला लावा. आपल्याला वाटतं आपण शिकलोय, आपल्याला माहीत आहे. मला वाटलं होतं. मी मशीनकडं बघितलं, रांगेकडं बघितलंच नाही. पहाटे साडेपाचला जाऊन बसलो नसतो, तर मी अजून एक राउटर बदलला असता.

काकांच्या केंद्रात ते पान आता प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्विचच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलंय. काकांचा मुलगा आता सूचना क्रॉस करत नाही, फोटो काढून मला पाठवतो. वायफायचा पासवर्ड अजून भिंतीवर खडूनंच लिहिलाय, पण आता तो पाहुण्यांचा आहे, लिहू दे.

मावशींच्या त्या दोन चुकलेल्या नोंदी काकांनी वही बघून दुरुस्त केल्या आणि फरकाचे पैसे स्वतः घरी नेऊन दिले. त्यांनी पैसे मोजून घेतले, चहा दिला. दूध मात्र अजून दुसरीकडंच घालतात.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या दुकानात, केंद्रात असली काही भानगड असेल तर नक्की कळवा. काळजी घ्या.